दादाच्या गोळ्या

प्रिय सुमे,

पत्राला फार उशीर झाला. आई बरी आहे, गुडघे तसेच.

दादाचा तोंडाचा कॅन्सर पुन्हा उलटलाय. आता ऑपरेशन नाही म्हणाले. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब लिहून दिलंय. तू मेडिकल चालवतेस, तुला काय सांगायचं. एक संधिवाताची, दुसरी दुखण्यावरची. त्यावरूनच घरात आकांत आहे. काका म्हणतात, गोळ्या देऊन घरी धाडलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. वावर विकू, पण सलाईनची मोठी किमो देऊ.

मग मी शोधून वाचलं. मुंबईत टाटाच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्ण घेऊन या जोडगोळीची सिस्प्लाटिनशी, म्हणजे सलाईनच्या किमोशी, तुलना केली. २०२० साली ते लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलं. डोस लहान पण सतत, म्हणजे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू द्यायच्या नाहीत. गंभीर त्रास सलाईनवाल्यांत ३० टक्क्यांना, गोळ्यावाल्यांत १९. आणि गोळ्यावाले जास्त जगले.

काकांना एवढंच सांगितलं. किती जास्त, ते नाही. साडेसात महिने, गं. सिस्प्लाटिनवर सहाच्या थोडे वर. हा मधला आकडा, निम्मे त्याच्याही पुढे गेले, असं मी मनाला बजावते. वहिनी चिंगीच्या पुढच्या वर्षीच्या बारावीचं बोलते तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

दादा मात्र तसाच. 'सुमीनं माझी चुन्याची डबी आडात फेकली, पण फार उशिरा फेकली,' म्हणतो. त्या डबीवरून आपण किती अबोला धरला होता!

दुसरी धास्ती म्हणजे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायची. चुकून रोज गेली तर रक्तपेशी ढासळतील, जिवावर बेतेल. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवार' लिहिलंय, तरी झोप लागत नाही. सोबत सेलेकॉक्सिब, म्हणून क्रिएटिनिनवरही, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीवर, लक्ष आहे.

टाटाच्या त्याच डॉक्टरांनी पुढे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही कॅन्सरचीच आणखी एक गोळी, अशा तिन्ही गोळ्यांना निव्होलुमॅबची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधाची, जोड दिली. तीही फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीच्या डोसचा दहावा हिस्साही नाही. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेले. दादाला ते चालेल का, पुढच्या खेपेला विचारणार आहे. चालत असेल तर त्यासाठी वावराचा तुकडा गेला तरी जाऊ दे.

लेकीचं ॲडमिशन झालं? भाऊजींची बदली टळली का?

वहिनीला या आठवड्यात फोन कर. ती तुझं ऐकते. रविवारचं तूच नीट समजावून सांग, आणि काकांनी फोन घेतला तर गोळ्यांचंही.

तुझीच,
नंदा