चलने लिहिणारी माझी मुलगी बेरोजगार नाही!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेरोजगारीचा दर घटल्याबद्दल समाधान व्यक्त करणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकमहाशयांनी आकडे टापटिपीने मांडले आहेत, पण ते कोणत्या फूटपट्टीने मोजले, हे सांगायला ते विसरले. बेरोजगारीचा दर ज्यातून निघतो त्या केंद्र सरकारच्या पीएलएफएस (नियतकालिक श्रमबल) सर्वेक्षणातील साप्ताहिक स्थितीच्या व्याख्येनुसार मागील ७ दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान १ तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते, आणि घरच्या धंद्यात विनामोबदला हातभार लावणाराही त्यातच मोजला जातो. तेव्हा माझी मुलगी नोकरीधंद्याला लागलेली आहे, हे मला काल कळले. उद्यमनगरातील माझ्या तीन लेथ यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये ती दुपारी येऊन बसते, जॉबवर्कची (मोठ्या कारखान्यांकडून येणाऱ्या कामाची) चलने लिहिते, बिले लावते आणि संध्याकाळी माझ्याच स्कूटरवर मागे बसून घरी येते. पगार विचाराल, तर दोन वेळचा चहा.

बी.कॉम. झालेल्या या मुलीने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात आधी ६ महिने आणि मुदतवाढीनंतर आणखी ५ महिने काम केले. पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन होते. ते कधी वेळेवर जमा झाले नाही, पण ते सोडून देतो. तिला आवक-जावकचे टेबल दिले होते. तेथील लिपिक निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलीच नव्हती, त्यामुळे पोच न दिलेल्या पत्रांचे गठ्ठे खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आले होते. हिने ते वर्षवार लावले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली आणि नोंदवही अद्ययावत केली. अकरा महिने भरले, प्रमाणपत्र हातात पडले आणि टेबल पुन्हा रिकामे झाले. आता त्याच कार्यालयातून तिला अधूनमधून फोन येतो, ‘‘ताई, त्या पत्राची पोच कुठल्या गठ्ठ्यात लावलीय?’’ आणि ही गुणी मुलगी हातातले चलन बाजूला ठेवून त्यांना कपाट आणि खण सांगते. तिच्यावाचून अडते हे ज्यांना असे दर आठवड्याला समजते, तेच तिला ‘पद भरण्यास मंजुरी नाही’ असे सांगतात.

लेखात केंद्राच्या ९९,४४६ कोटी रुपयांच्या विकसित भारत रोजगार योजनेचेही कौतुक आहे. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्यास दोन हप्त्यांत १५,००० रुपयांपर्यंत आणि मालकाला नव्या कामगारामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळणार, हे ऐकायला बरे वाटते. परंतु हा सारा कारभार भविष्य निर्वाह निधीच्या नोंदणीवर चालतो, आणि ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला किमान २ जादा माणसे घेऊन ती ६ महिने टिकवावी लागतात. माझ्याकडे मला धरून माणसे चार. शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीची (ओतकामाच्या कारखान्याची) ऑर्डर घटली की पहिल्यांदा आमच्यासारख्यांचे जॉबवर्क थांबते; मग दोन माणसे सहा महिने टिकवण्याची हमी मी कोणाच्या जिवावर द्यायची? (लेथ चालवणारा चांगला टर्नर शोधूनही मिळत नाही, हेही खरे; पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) उद्यमनगरात गल्लोगल्ली असलेल्या माझ्यासारख्या शेडना या योजनेत कोठे बसवायचे, याबद्दल लेखात एक ओळ नाही.

जाता जाता आपणाकडेही एक तक्रार आहे. ज्या पानावर हा लेख आहे, त्याच्याच पाठीमागे छोट्या जाहिरातींत ‘घरबसल्या पॅकिंगचे काम, भरघोस कमाई’ अशी जाहिरात आहे. असल्याच एका जाहिरातीला भुलून मुलीने गेल्या वर्षी नोंदणी शुल्क म्हणून १,५०० रुपये पाठवले आणि दुसऱ्या दिवसापासून तो मोबाइल बंद लागला. ‘मजकुराची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी’ अशी ओळ बारीक टायपात छापून आपण मोकळे होता. ती ओळ यापुढे अशा लेखांखालीही छापावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वर्कशॉपचालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(मुलीच्या आग्रहाखातर नाव छापू नये.)