मेनफ्रेम हलवताना रकमा सांभाळा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बँका आणि विमा कंपन्यांचे मेनफ्रेमवरचे (मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे), कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्राम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या संगणकांवर, नेण्याचे काम पुण्या-मुंबईत अनेकजण करतात. कोबोलचे प्रोग्राम जावा या भाषेत कसे आणायचे यावर महिनोन्‌महिने खल होतो, आणि डेटा शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. खरा घोळ तिथेच होतो.

मेनफ्रेमवरची फाइल एबसिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात असते. ती सरसकट आस्की या इतर संगणकांच्या अक्षरसंकेतात बदलली की नावे-पत्ते नीट दिसतात, रकमांचा मात्र विचका होतो. रकमा बहुधा कॉम्प-३ या कोबोलच्या आटोपशीर अंक-मांडणीत असतात: एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह, अधिकला सी आणि उणेला डी. ९ अंकी रक्कम अशी ५ बाइटांत बसते. हे बाइट अक्षरे समजून बदलले की रक्कम गेलीच. कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांचा, म्हणजे रकान्यांचा, आराखडा) समोर ठेवून एकेक फील्ड सोडवावे लागते. रिडिफाइन्स (त्याच जागेची दुसरी मांडणी) असेल तिथे आधी रेकॉर्डचा प्रकार पाहावा लागतो.

जावात रक्कम डबल या बायनरी अपूर्णांकाच्या प्रकारात कधीही ठेवू नये, कारण बायनरीत ०.१ सुद्धा नेमका मांडता येत नाही. दशांश नेमके ठेवणारे बिगडेसिमलच हवे. कोबोलमध्ये ‘राउंडेड’ (जवळच्या अंकापर्यंत पूर्ण करा) लिहिलेले नसेल तर जादा दशांश छाटले जातात. नव्या प्रोग्रामनेही छाटलेच पाहिजेत, नाहीतर व्याजाचा हिशोब पैशा-पैशाने हलतो.

क्रमवारीही बदलते. एबसिडिकमध्ये अक्षरे आधी, अंक नंतर, आस्कीत उलटे. दोन्ही फाइली एकाच क्रमाने लावल्या आहेत असे धरून त्या जुळवणारा प्रोग्राम मग कसलीही एरर न देता चांगले रेकॉर्ड ‘जुळत नाही’ म्हणून बाजूला टाकतो. हा दोष सर्वांत उशिरा सापडतो.

रात्रीच्या बॅचचे (एकगठ्ठा चालणाऱ्या कामांचे) गणित साधे आहे. डेटाबेस नेटवर्कपलीकडे गेला आणि प्रत्येक वाचनाला १ मिलिसेकंद जादा लागला, तर १ कोटी रेकॉर्डांना पावणेतीन तास वाढतात. रेकॉर्ड गठ्ठ्याने वाचावेत.

आणि सगळे एकदम हलवू नये. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५० लाख ग्राहक एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेले. डेटा पोचला, पण प्रणाली कोलमडली. लाखो ग्राहकांना आपली खाती दिसेनात. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला.

आपल्याकडच्या बँकांनी दोन्ही प्रणाली निदान एक महिनाअखेर, एक तिमाहीअखेर आणि ३१ मार्च एवढे टप्पे ओलांडेपर्यंत समांतर चालवाव्यात, रोजच्या फाइली फील्डगणिक ताडून पाहाव्यात, आणि शेवटचा फरक समजेपर्यंत मेनफ्रेम बंद करू नये.

– एक मेनफ्रेम अभियंता, पुणे