झाडावरचा पक्षी ‘इन’ की ‘ऑन’?

संपादक महोदय,

शेजारच्या पाचवीतल्या मुलाची घटक चाचणीची इंग्रजीची उत्तरपत्रिका परवा पाहण्यात आली. ‘देअर इज अ बर्ड... द ट्री’ या वाक्यात त्याने ‘इन’ भरलं होतं. लाल शाईने ते खोडून वर ‘ऑन’ लिहिलेलं, आणि गुण शून्य. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. फांद्या-पानांच्या आत बसलेल्या पक्ष्याला इंग्रजीत सहसा ‘इन द ट्री’च म्हणतात. झाडाला लगडलेली फळं मात्र ‘ऑन द ट्री’.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तरी ‘इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे ला’ ही घोकंपट्टी काही थांबत नाही. त्यात ‘वर’ सगळ्यात जास्त दगा देतं. पुस्तक टेबलावर, पंखा डोक्यावर, विमान गावावर. आपल्याला एक ‘वर’ पुरतं. इंग्रजी आधी बघते ते वस्तू टेकली आहे का. पुस्तक टेकलंय, म्हणून ‘ऑन’. पंखा अधांतरी, म्हणून ‘अबव्ह’. विमान गावावरून चाललंय, म्हणून ‘ओव्हर’. पाल छताला उलटी चिकटलेली असली तरी ती ‘ऑन द सीलिंग’च. वर्गात डस्टर टेबलावर ठेवून आणि मग हातभर उचलून दाखवलं, तर हा फरक पोरांना लगेच कळतो. तीस वर्षं हेच करत आले, म्हणून खात्रीने सांगते.

आणि अशी जाण मुलांकडे असतेच. ‘बाबा गाडीवर आले’ म्हटलं की मोटरसायकल, ‘गाडीत आले’ म्हटलं की कार, हे पहिलीतलं पोरही ओळखतं. ‘ऑन द बाइक’, ‘इन द कार’ तिथूनच शिकवता येतं. अडतं ते एसटीपाशी. आपण एसटीत बसतो, इंग्रजीत मात्र ‘ऑन द बस’. ज्या वाहनात उठून चालता येतं त्याला बहुधा ‘ऑन’, एवढी खूण सांगितली तरी बस, रेल्वे, विमान, बोट सगळी एका दमात लक्षात राहतात. रिक्षा अर्थातच ‘इन’.

‘ॲट’चंही तसंच. मिरजेत राहणारा माणूस ‘इन मिरज’ राहतो, पण गाडी थांबते ‘ॲट मिरज’. तिच्या वाटेवरचा तो एक ठिपका. गाव एकच, बघणं दोन तऱ्हेचं.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. गाळलेल्या जागांच्या प्रश्नाशेजारी साधं रेखाचित्र द्या, म्हणजे मुलाला नेमकं काय दिसतंय ते ठरेल. जिथे दोन्ही शब्द चालतात तिथे उत्तरसूचीत दोन्ही छापा. आणि त्या मुलाचा गुण त्याला परत मिळावा.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, वाई