जात फक्त आमचीच का छापता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर 'पारधी टोळी जेरबंद' वाचलं. चौघे नुसते संशयित आहेत, आरोपपत्र नाही, तरी जात मथळ्यात. शेजारीच पतसंस्थेच्या अपहाराची बातमी आहे. तिच्यात चेअरमनची जात नाही. नसावीच. मग आमचीच का?

असा मथळा आला की आम्हाला काय भोगावं लागतं ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेल्या लग्नसराईत बहिणीच्या मंगळसूत्रासाठी आईला घेऊन तालुक्याच्या पेठेत गेले. सराफाने आडनाव विचारलं. पवार म्हटल्यावर, "कुठले पवार?" पवार, काळे, भोसले, चव्हाण आमच्यातही आहेत, म्हणून लोक आधी गाव विचारतात, मग वस्ती. मी उत्तर देण्याआधीच आई आमच्या बोलीत काहीतरी बोलली. झालं! समोरचा ट्रे आत गेला, कामाचा पोरगा दार अडवून उभा राहिला, थोड्या वेळाने हवालदार आले. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर आईची पिशवी फरशीवर ओतली. बीपीच्या गोळ्या, पानाची चंची, लग्नपत्रिका. पैसे काढल्याची बँकेची स्लिप मी पुढे केली, तर म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या दिसता, पण चौकशी करावीच लागते." कोणीही माफी मागितली नाही. आई आता पेठेत यायलाच तयार नाही.

आमच्यासारख्या अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड हजेरी देत वाढले. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातल्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ देऊ नका, असं पोलिसांना बजावलं. तुरुंगाने जी जात लिहायची नाही, ती आपण मथळ्यात छापता! धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. भटका दिसला की चोरच, हे लोकांच्या डोक्यात असंच भरत जातं.

आणखी एक. भावाच्या जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागत आहेत. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर दाखला कुठला? पोलिसांच्या जुन्या दप्तरात त्यांची जात नक्की असणार, पण नक्कल मागितली की रेकॉर्ड सापडत नाही म्हणतात. आपल्या वार्ताहराने यावर जरूर लिहावं. आणि त्या चौघांपैकी कोणी निर्दोष सुटलं, तर ती बातमीही तिसऱ्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात छापावी.

— एक शिक्षिका, जि. सोलापूर
(कृपया नाव छापू नये.)