जेल रोडवरच्या दादांचे आभार

वर्षभर पैसे साठवून घेतलेलं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड रात्री धडधडत्या छातीने कॉम्प्युटरमध्ये बसवलं. पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच! सकाळी अख्खा कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन इंदूरचा जेल रोड गाठला. जिथून घेतलं तिथे हात झटकले. आईशी फोनवर रडवेला होऊन बोलत होतो, ते ऐकून शेजारच्या गाळ्यातले दादा उठले, "अरे, मी पण मराठीच! आण इकडे."

कार्डाला वीज देणारी सोळा पिनांची केबल जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर होती. "४५० वॅट ओढतं हे. सैल राहिली तर वितळेल," म्हणत त्यांनी ती नीट दाबली, कार्ड वाकू नये म्हणून खाली टेकूही लावला. पैसे घेतलेच नाहीत. दादा, नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार!