एसटीचे किस्से पुरे, सभागृहातली भाषणं छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या १० ऑगस्टला शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) सांगोल्याचे दिवंगत आमदार भाई गणपतराव देशमुखांच्या जन्माला १०० वर्षं पूर्ण होताहेत. त्या दिवशीच्या अंकात काय येणार ते मी आत्ताच सांगतो. एसटीने फिरणारा आमदार, अकरा वेळा विधानसभेवर, एकच मतदारसंघ, एकच पक्ष आणि शेवटी ‘असे नेते आता होणे नाही’. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब (गणपतरावांना आम्ही असंच म्हणायचो) गेले, तेव्हापासून दर पुण्यतिथीला आम्ही हेच वाचतोय. माणूस साधा होता हे कळलं. तो सभागृहात पन्नासेक वर्षं करत काय होता, हे कुणी सांगायचं?

मी मूळचा सांगोला तालुक्यातला. नोकरीसाठी सोलापुरात आलो आणि इथलाच झालो. एका सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे माझं म्हणणंही जरा कारकुनी वाटेल. वाटू द्या.

अधिवेशन जवळ आलं की आमच्या टेबलावर ‘एलएक्यू’, म्हणजे विधानसभेतले प्रश्न, यायला लागत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, सगळ्याला कचेरीत नाव एकच, एलएक्यू. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा, ‘माहिती आजच पाठवा’. मग डबा अर्धा ठेवून कपाट उघडा, मस्टर काढा, मोजमाप पुस्तिका काढा, तालुक्याला फोन लावा. उत्तराचा साचा ठरलेला : ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. बहुतेक आमदारांचं यावर भागायचं. पण विचारणारा मुरलेला असला की साहेब मसुदा स्वतः वाचायचे, वर पेन्सिलीने खुणा करायचे, दोनदा परत पाठवायचे. कारण मंत्र्याचं उत्तर झालं की तो आमदार उपप्रश्न टाकणार, आणि आकडा चुकला की मंत्रालयापासून आमच्यापर्यंत सगळ्यांची हजेरी ठरलेली. वर्षभर फायलीत झोपलेलं पाझर तलावाचं काम त्याच आठवड्यात जागं व्हायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सत्ता नसलेल्या आमदाराचं हत्यार हे एवढंच. गणपतरावांकडे सत्ता होती तरी कधी? पहिल्यांदा निवडून आले १९६२ला. मंत्री झाले दोनदा. एकदा १९७८च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात, ते दोन वर्षांच्या आत बरखास्त झालं. दुसऱ्यांदा १९९९ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, तेव्हा २००२ साली शेकापनेच पाठिंबा काढून घेतला. बाकी सारी हयात विरोधी बाकावर गेली. मधे १९७७-७८च्या सुमारास विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळलं. म्हणजे तालुक्यासाठी जे काही मिळवलं ते विचारून, भांडून, कागद पुढे करून. ही विद्या एसटीच्या तिकिटात दिसत नाही.

१९७२चं घ्या. त्या निवडणुकीत ते पडले, आणि त्याच साली आमच्याकडे तो दुष्काळ आला, ज्याच्या आधीचं आणि नंतरचं अशी माणदेशातली माणसं आजही वर्षं मोजतात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या, दिवसाच्या शेवटी ढिगाऱ्याचं माप घ्यायचे, आणि माप भरलं नाही की मजुरी कापायचे. आम्हा पोरांचं लक्ष सुकडीकडे, म्हणजे दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या कोरड्या खाऊकडे. १९७४च्या पोटनिवडणुकीत गणपतराव पुन्हा सभागृहात गेले. वि. स. पाग्यांच्या डोक्यातून निघालेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तेव्हा ते आमदार होते. काम मागायचा हक्क कायद्यात आला तो असा. त्या चर्चेत सांगोल्याचा आमदार काय बोलला? खडीच्या मापावर बोलला का? मला ते वाचायचंय. किस्से सांगणाऱ्यांपैकी कुणीही ते मला आजवर सांगितलेलं नाही.

पुढे १९९०च्या सुमारास रोजगार हमीतूनच फळबाग लागवडीची योजना आली आणि सांगोल्याच्या मुरमाड माळावर डाळिंब उभं राहिलं. ज्या तालुक्याची ओळख रविवारचा जनावरांचा बाजार आणि टँकर एवढीच होती, तिथून ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाच्या पेट्या दिल्ली-कोलकात्याला जायला लागल्या. २८ डिसेंबर २०२०ला देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला, पंतप्रधानांनी तिला दूरस्थ हिरवा झेंडा दाखवला. त्या दिवशी आमच्याकडे कोण खूश नव्हतं! पण नंतरच्या दोन पावसाळ्यांत खोडकिडा आणि मर रोगाने बागाच्या बागा बसल्या. माझ्या धाकट्या भावाची बाग मी पाहिलीय. खोडाला टाचणीने टोचल्यासारखी भोकं, खाली भुसा, वरची पानं पिवळी. शेवटी जेसीबी लावून झाडं उपटली आणि बांधावर रचली, चुलीला वर्षभर जळण पुरलं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात, केगावला आहे. अशा वेळी ‘या संशोधन केंद्राने आमच्या तालुक्यात काय केलं’ हा प्रश्न विधानसभेत पिकाच्या नावानिशी, रोगाच्या नावानिशी कोण विचारणार? गणपतराव २०१९पासून सभागृहात नव्हते. ती उणीव मला तेव्हा जाणवली.

पाण्याचंही तेच. १९९३पासून नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि इतरांनी सांगली, सातारा, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद चालवली. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने दिलेलं पाणी २०००पर्यंत अडवलं नाही तर हातचं जाईल, हे गावोगाव सांगितलं गेलं ते त्या मंडपांतून. आजच्या सभांत पाच मिनिटांत तीन पुढारी टाळ्या घेऊन जातात. तिथे शेतकरी दिवसभर बसून टीएमसीचे (अब्ज घनफूट पाण्याचे) हिशेब ऐकायचे. कऱ्हाडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडी-सांगोल्यापर्यंत आणायचं, ही योजना तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटायची. पाणी आलं, पण मागणाऱ्यांची एक पिढी संपल्यावर. या दिरंगाईचा जाब त्यांनी किती वेळा मागितला आणि कुठल्या मंत्र्याने काय शब्द दिला, हे तारीखवार काढलं तर आजच्या पुढाऱ्यांचीही पंचाईत होईल. उजनी आमच्याच जिल्ह्यात, पण तिच्या पाण्यावर उसाचा हक्क आधी आणि सांगोल्याचा मागून. तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर पत्र आवरणार नाही.

सूतगिरण्यांचं ओझरतं सांगतो. सोलापूर शहरातल्या नावाजलेल्या गिरण्यांचे भोंगे आमच्या डोळ्यांदेखत बंद पडले. सांगोल्यात मात्र सहकारी सूतगिरणी चालली, महिलांची वेगळी गिरणीही उभी राहिली. कशी चालवली, याचा अभ्यास वाणिज्य शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याने करावा.

आता थोडं कडू. १९९५ साली ते अवघ्या १९२ मतांनी शहाजीबापू पाटलांकडून हरले. १९२ म्हणजे आमच्याकडची एक वाडी. त्या पराभवावर कुणी धड लिहीत नाही, जणू अकराच्या आकड्याला डाग लागेल. लोक कंटाळले होते का, पाणी येत नाही म्हणून चिडले होते का, की पक्षाची माणसंच सुस्तावली होती? चार वर्षांनी त्याच लोकांनी त्यांना परत आणलं आणि पुढे आणखी तीन वेळा ठेवलं, म्हणजे मधल्या काळात त्यांनी काही तरी ऐकून घेतलं असणार. २०१९ला वयामुळे ते थांबले, तेव्हा उमेदवारी गेली नातवाकडे, आणि तेही ७६८ मतांनी पडले. २०२४ला दुसरे नातू, बाबासाहेब, निवडून आले. आज विधानसभेत शेकापचे तेवढे एकच आमदार. नातवांबद्दल माझी तक्रार नाही, लोकांनी निवडून दिलंय. पण लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं शिबिरं घेणाऱ्या पक्षाला घराबाहेरचा एक कार्यकर्ता उभा करता आला नाही, हे आबासाहेबांच्या हिशेबात जमेला धरायचं की खर्चाला? शताब्दीच्या लेखांत हा प्रश्न असावा. नसेल तर ती जाहिरात झाली.

आणि जाता जाता, २०२२मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून शहाजीबापूंनी फोनवर ‘काय झाडी, काय डोंगर’ म्हटलं, तर त्यावर आपल्यासह सर्व वृत्तपत्रांनी जितकी शाई खर्चली, तितकी टेंभूवरच्या चर्चेला कधी मिळाल्याचं मला आठवत नाही.

म्हणून विनंती. विधानसभेची कार्यवाही छापील स्वरूपात असते, विधानमंडळाच्या ग्रंथालयात ती मिळते. आपला मुंबईचा वार्ताहर आठवडाभर तिथे बसवा. रोजगार हमी, फळबाग, कृष्णा खोरं, सूतगिरण्या या चार विषयांवरची गणपतरावांची भाषणं आणि प्रश्न निवडा आणि १० ऑगस्टपासून रोज एक छापा, मंत्र्याच्या उत्तरासकट. काटछाट शक्यतो करू नका. सोबत १९९५च्या निकालानंतर आपल्याच अंकात काय आलं होतं तेही द्या, जुन्या फायली आपल्याकडे असतीलच. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य आठ दिवस आवरलं तरी माझी हरकत नाही, माझ्या घरातून मात्र त्याला विरोध होईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कारकून,
सोलापूर