कागदावरची बुद्धी ८

संपादक महोदय,

आमच्या घरी दर रविवारी पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. यात प्रत्येक जण एक काल्पनिक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो; गोष्ट चालवणारी सूत्रधार मी. ताकद, बुद्धी अशा सहा क्षमतांना आकडे असतात, मोठा आकडा म्हणजे क्षमता जास्त. १९७४च्या मूळ नियमांत प्रत्येक क्षमतेसाठी तीन फासे टाकून जे पडेल ते पात्राच्या वाट्याला येई. २०१४च्या आवृत्तीत २७ गुण स्वतः वाटून घेण्याचीही सोय आहे. भाच्यानं आपल्या योद्ध्याच्या तीन क्षमता १५वर नेल्या, बुद्धीसह उरलेल्या तीन ८वर ठेवल्या. हिशेब चोख, नियमात बसणारा. पण हाच मंदबुद्धी योद्धा दर वेळी सगळ्यांत हुशार बेत सांगतो! मग ते ८ कशासाठी लिहिले?

त्याच टेबलावर माझ्या मैत्रिणीचं पात्र एक चोरटी आहे. ताकद ८. मागच्या रविवारी दार ढकलताना वीस बाजूंच्या फाशावर ३ पडले, दार काही उघडलं नाही. ती दाराला पाठ टेकून बसली आणि बापाच्या भट्टीवर हातोडा कधीच का उचलता आला नाही, ते सांगू लागली. आम्ही फासे खाली ठेवून ऐकत राहिलो. भाचाही.

बळकट पात्र करण्यात गैर काही नाही, मीही करते. पण नव्यानं खेळायला बसणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे : कमी आकडाही खेळा, तोही तुमच्याच पात्राचा आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे